नोंद आहे, स्मृती नाही

तळेखिंडच्या उपजिल्हा रुग्णालयात माणूस एक दुखणं घेऊन यायचा आणि चार घेऊन घरी जायचा. पूर्वी हे वॉर्डातल्या घाणीमुळे व्हायचं. २०३९ सालापासून ते शासनाच्या धोरणामुळे व्हायला लागलं.

धोरणामागचा विचार तसा बिनतोड होता. आपला माणूस धडधाकट असताना दवाखान्याची पायरी चढत नाही. त्यासाठी त्याचं डोकं फुटावं लागतं, गेला बाजार बोट तरी कापावं लागतं. मग तो झक मारत अपघात विभागात येतो. तर आलाच आहे तर त्याची साखर बघा, दाब बघा, क्षय बघा, कावीळ बघा, आणि राहिलेल्या लसी टोचून टाका. योजनेचं कागदावरचं नाव 'संधिसाध्य प्रतिबंध अभियान' होतं. लोक तिला 'आलाच आहात तर' म्हणत.

'आलाच आहात तर'च्या खिडकीत सिस्टर छाया खिलारे बसत. वय सत्तावन्न, निवृत्तीला दहा महिने. त्यांच्या शेजारी एक यंत्र असे. त्याचं सरकारी नाव 'प्रतिकारस्मृती वाचक', पण अख्खं रुग्णालय त्याला आत्याबाई म्हणे. घरात कुणाला काय झालं होतं, कधी झालं होतं आणि कुणी ते लपवलं होतं, हे आत्याबाईच्या पक्कं लक्षात असतं, आणि ती ते चारचौघांत सांगते.

गावात एकदा चोर येऊन गेला की म्हातारी माणसं त्याची चालण्याची ढब मरेपर्यंत विसरत नाहीत. पुन्हा तो वेशीवर दिसला की काठ्या निघतात. रक्तातही अशी म्हातारी माणसं असतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. रोग होऊन गेला की त्या मागे राहतात. लस म्हणजे चोर न येताच त्याचं चित्र दाखवून ठेवणं. तेवढ्यानंही ओळख पटते. आत्याबाई रक्ताचा एक थेंब घेई, त्यातल्या स्मृतिपेशींची जनुकं वाची, कुठली पेशी कुठल्या चोराला ओळखते ते लावी, आणि जनुकांत साठत गेलेल्या बारीक बदलांवरून ओळख साधारण कुठल्या वर्षी झाली तेही सांगे. चौदा मिनिटांत. मग ती हे सगळं सरकारी नोंदवहीशी ताडून बघे. जुन्या वह्यांचं पान न् पान आता संगणकावर चढलं होतं: बाळाचं नाव, तारीख, लस, आणि शेवटच्या रकान्यात टोचणाऱ्या नर्सचं नाव.

रक्त आणि नोंद जुळली की हिरवी ओळ. नाही जुळली की लाल: 'नोंद आहे, स्मृती नाही.'

लाल ओळीखाली दोन बटणं येत. 'नोंद खोटी' आणि 'नमुना सदोष'. तिसरं बटण नव्हतं, कारण यंत्रणा बनवणाऱ्या समितीला तिसरी शक्यता सुचली नव्हती. समितीत सतरा जण होते.

*

"बाई, वळखलं का?" बुधवारी सकाळी खिडकीपलीकडून आवाज आला. "बोरमाळची मंगल. धायगुड्याची. आन् हे तुमचंच लेकरू, बघा केवढं झालंय."

'तुमचंच लेकरू' सहा फूट उंच होतं. अंगात कबड्डी संघाची जर्सी आणि उजव्या गुडघ्याखाली चार बोटं लांब जखम. बोरमाळचं मैदान म्हणजे आठवड्यातले सहा दिवस मेंढ्या बसवायचं रान; जखमेत माती होती, लेंड्या होत्या आणि वर विजयाचा गुलालही होता.

"जिंकलास का रे?" छायाबाईंनी विचारलं.

"फायनल मारली की!" विश्वजित म्हणाला. "काय न्हाई वं, नुस्तं खरचटलंय. आईच उगं घेऊन आली."

"आलाच आहेस तर बोट पुढं कर."

छायाबाई तरुणपणी अकरा वर्षं बोरमाळ उपकेंद्राच्या नर्स होत्या. अकरा वाड्या पायांखाली घातल्या होत्या त्यांनी. तिकडे त्यांना कुणी नावानं ओळखत नसे, 'सुईबाई' म्हणत. त्यामुळे आत्याबाईनं चौदा मिनिटांनी जी लाल ओळ दाखवली, तिच्या शेवटच्या रकान्यात त्यांचंच नाव असणं स्वाभाविक होतं.

'धनुर्वात: नोंद आहे, स्मृती नाही. टोचणार: छाया खिलारे, बोरमाळ.'

छायाबाईंचे कान तापले. त्यांनी आयुष्यात बऱ्याच गोष्टी केल्या नव्हत्या, आणि त्यांत खोटी नोंद सगळ्यांत वरती होती. मार्च महिन्यात आजूबाजूच्या नर्सा बसल्या जागी शंभर टक्क्यांचे रकाने भरत, तेव्हा यांनी एकाहत्तर टक्के लिहून साहेबांची बोलणी खाल्ली होती. आत्याबाई आल्यापासूनच्या सात महिन्यांत दुसऱ्या नर्सांच्या नावापुढे लाल ओळ आली, तेव्हा छायाबाईंचं बोट क्षणभर अडखळलं नव्हतं: 'नोंद खोटी'. तिघी निलंबित झाल्या होत्या. स्वतःच्या नावापुढे आली तेव्हा मात्र, आजवर आठ वेळा, नमुनाच सदोष निघाला होता. अर्थात त्यात लबाडी नव्हती. आपण टोचलंय हे त्यांना ठाऊक होतं. मग चूक यंत्राचीच असणार.

अपघात विभागाचे डॉक्टर मुजावर खांद्यावरून डोकावले. तिशीतला पोरगेलासा माणूस. "सिस्टर, हे तुमचंच नाव की."

"दिसतंय."

"दक्षता पथकाला बोलवू का?" ते हसले. "दाबा हो ते नमुना सदोष. तुमच्या रजिस्टरवर माझा या आत्याबाईपेक्षा जास्त विश्वास आहे."

त्यांनी दाबलं. नमुना सदोष ठरला की यंत्रणा नोंदीवर चाले, आणि नोंद सांगत होती की मुलाच्या लहानपणीच्या सगळ्या लसी पूर्ण आहेत. तेव्हा जखम धुतली, सात टाके घातले, धनुर्वाताचा एक वर्धक डोस दिला. वर्धक डोस म्हणजे झोपलेल्या म्हाताऱ्यांना हाक मारणं. पण घरात म्हातारं माणूसच नसेल तर हाकेला ओ कोण देणार? नवी ओळख तयार व्हायला आठवडे लागतात, आणि धनुर्वात आठवडे थांबत नाही. अशा माणसाला बाहेरून तयार प्रतिपिंडं टोचावी लागतात. विश्वजितला ती टोचली नाहीत. त्याची नोंद उत्तम होती.

*

नवव्या दिवशी, गुरुवारी, मंगल त्याला घेऊन परत आली.

"बाई, सकाळधरनं तोंड उघडंना ह्याचं. भाकर जाईना आत."

विश्वजित हसत होता. म्हणजे तसं दिसत होतं. ओठ दोन्हीकडे ताणलेले, भुवया वर, आणि डोळे मात्र भेदरलेले. छायाबाईंनी पस्तीस वर्षांच्या नोकरीत ते हसू एकदाच बघितलं होतं, शिकाऊ असताना.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या. आवाज मुद्दाम खाली ठेवला होता. "लवकर या. आणि पळत येऊ नका, आवाज होईल."

तेवढ्यात कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. विश्वजितची पाठ कमानीसारखी वर उचलली गेली. टाळू आणि टाचा एवढंच काय ते खाटेला टेकलेलं. या रोगाला धनुर्वात का म्हणतात हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पुढचा तास त्यांनी अंधाऱ्या खोलीत काढला. पडदे ओढले, कानांत कापूस घातला, प्रतिपिंडं दिली, स्नायू ढिले करणारी औषधं चालू केली, आणि शेवटी घशात नळी घालून श्वास यंत्रावर सोपवला. मुजावरांनी हा रोग फक्त पुस्तकात बघितला होता. त्यांचा हात चांगला होता, पण ते बाहेर आले तेव्हा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

मंगल दाराबाहेर भिंतीला टेकून बसली होती.

"तुम्ही तर टोचलं व्हतं की बाई," ती म्हणाली. आरोप नव्हता तो, कोडं होतं. "सासू न्हाई म्हनत व्हती माझी. समदं गावच न्हाई म्हनत व्हतं. तवा तुम्ही पयली सुई सोताच्या पोरीला टोचली, देवळाम्होरं. पाय म्या धरलं व्हतं तिचं. मग म्या ह्याला दिला तुमच्या हातात."

सांगण्यासारखं जे होतं ते छायाबाईंना अजून ठाऊक नव्हतं.

*

दुपारी त्या आत्याबाईसमोर बसल्या आणि विश्वजितचा आठ दिवसांपूर्वीचा अहवाल पहिल्यांदाच पुरता वाचला. एरवी पहिली लाल ओळ वाचली की पुढच्या कोण वाचतं?

गोवर: स्मृती आहे. क्षयाची लस: आहे. पोलिओ: आहे. घटसर्प: नाही. धनुर्वात: नाही. कावीळ ब: नाही.

ज्या हातांनी गोवराची लस पोचली, त्याच हातांनी धनुर्वाताची पोचली नव्हती.

त्यांनी आपल्या नावाचे बाकीचे आठ 'सदोष नमुने' काढले. बोरमाळ, घोणसमाळ, काळेखडी. वेगळी गावं, वेगळी वर्षं. गोवर आहे, पोलिओ आहे. धनुर्वात नाही, कावीळ नाही. आठही जणांत एकाच ठिकाणी भोक. खोटी नोंद करणारी बाई आळसानं करते, आणि आळस एवढा काटेकोर नसतो.

मग त्यांनी त्या निलंबित तिघींचे अहवाल काढले. दोघींच्या बाबतीत काहीच नव्हतं: गोवर नाही, पोलिओ नाही, सगळी वही कोरी आणि रकाने भरलेले. तिसरीच्या बाबतीत गोवर होता. पोलिओ होता.

छायाबाईंनी डोळे मिटले. डोळ्यांपुढे बोरमाळचा उन्हाळा आला. बेचाळीस-त्रेचाळीस अंश. पहाटे साडेपाचला आरोग्य केंद्रातून लशीचा निळा डबा भरायचा, सहा दहाची एसटी धरायची, फाट्यावर उतरून सात किलोमीटर चालायचं. डब्यात चारी बाजूंना बर्फाचे चौकोनी डबे आणि मध्ये कुप्या. प्रशिक्षणात सांगितलं होतं: बर्फ फ्रीजरमधून काढला की लगेच भरू नका. त्याला घाम सुटू द्या. कानाशी हलवून बघा, आत पाणी खळखळलं की मगच भरा. याला तासभर लागे. एसटी तासभर थांबत नसे. आणि मुळात छायाबाईंना तो नियम कामचुकारांसाठी केलेला वाटे. एवढ्या उन्हात बर्फ आधीच वितळवून न्यायचा? त्या दगडासारखा बर्फ भरत, झाकण गच्च लावत. संध्याकाळी परत आल्या तरी त्यांच्या डब्यात बर्फ शिल्लक असे. साहेब बाकीच्या नर्सांना बोलावून दाखवत: बघा, याला म्हणतात निष्ठा! 'शीतसाखळी उत्कृष्ट पालन' असं प्रमाणपत्रही होतं, चौकटीत.

गोवर, पोलिओ आणि क्षयाच्या लशीला गोठल्यानं काही होत नाही. धनुर्वाताच्या आणि काविळीच्या लशीला होतं. उन्हानं त्या हळूहळू मरतात. गोठल्या की जागच्या जागी. आणि मेल्यावरही दिसतात तशाच.

नाही, अगदी तशाच नाही. छायाबाईंना आठवलं. कधीकधी कुपीच्या तळाशी पांढरा साका दिसे, दूध नासल्यासारखा. त्या कुपी हलवून घेत. आणि गार लशीनं बाळाला कळ लागू नये म्हणून ती दोन मिनिटं तळहातात धरून ऊब देत. एवढ्या मायेनं त्या मेलेली लस टोचत होत्या.

त्यांनी साठ्यातल्या धनुर्वाताच्या दोन कुप्या घेतल्या. एक फ्रीजरमध्ये गोठवली, तळहातात वितळवली. मग दोन्ही एकत्र हलवून टेबलावर उभ्या केल्या आणि घड्याळ लावलं. पंधराव्या मिनिटाला एक कुपी अजून सारखी दुधाळ होती. दुसरीच्या तळाशी साका बसला होता आणि वर निव्वळ पाणी.

*

"तिसरं बटण पाहिजे," छायाबाई फोनवर म्हणाल्या. "नोंद खरी, लस मेलेली. असं."

पलीकडे अभियानाच्या राज्य कक्षाचे टेंबे नावाचे गृहस्थ होते. अतिशय सौजन्यशील माणूस. "छान सूचना आहे, मॅडम. सुधारणा-विनंती पाठवा. पुढच्या आवृत्तीत विचार होईल. साधारण नऊ महिने."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत दोनांतलं एक."

"माझ्या हातच्या एक हजार आठशे सहासष्ट नोंदी आहेत. ती सगळी पोरं आता विशी-तिशीची. पुण्यात आहेत, दुबईत आहेत, ट्रक चालवतात, गोठे झाडतात. त्यांना बोलावायचं कसं?"

"ते सोपं आहे," टेंबे उत्साहानं म्हणाले. "तुम्ही 'नोंद खोटी' दाबलंत आणि कबुली जोडलीत, की त्या कर्मचाऱ्याच्या हातच्या सगळ्यांना चोवीस तासांत संदेश जातो. लशी आणि प्रतिपिंडं राखीव साठ्यातून आपोआप सुटतात. फार कार्यक्षम आहे ते."

"आणि चूक झाली असं लिहिलं तर?"

"मग ते समितीकडे जाईल."

"सतरा जणांच्या?"

"आता एकवीस आहेत. आणि मॅडम, कबुली मागे घेतली किंवा चौकशीत खोटी ठरली, तर बोलावणं रद्द होतं. सगळ्यांच्या नोंदी पुन्हा हिरव्या. तेवढं लक्षात असू द्या."

मुजावर समोरच्या स्टुलावर बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही काही दाबू नका. यापुढे बोरमाळचं कुणीही आलं तरी प्रतिपिंडं मी माझ्या सहीनं देईन."

"येतील त्यांना द्याल. न येणाऱ्यांचं काय?"

"गुन्हा दाखल होईल तुमच्यावर. निवृत्तिवेतन जाईल. पस्तीस वर्षं..."

"डॉक्टर, त्या दिवशी आत्याबाई खरं सांगत होती. मी तिचं तोंड दाबलं." त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. "आता त्याचं उघडत नाही."

"हसलो तर मी होतो," मुजावर म्हणाले.

"मग तुम्ही ती सुधारणा-विनंती लिहा. तुमच्या नावानं. निलंबित झालेल्या त्या तिसऱ्या नर्सचं प्रकरण जोडा. नऊ महिने तर नऊ महिने."

मग त्यांनी चष्मा पुसला आणि कबुलीचा नमुना उघडला. वाक्य तयारच होतं. फक्त खाली अंगठा लावायचा. 'मी लस न देता लस दिल्याची नोंद केली.' छाया खिलारे यांनी आयुष्यात पहिली खोटी नोंद केली ती ही: आपल्या नोंदी खोट्या होत्या, अशी.

*

शुक्रवारी दुपारी लेकीचा फोन आला. तेजल इचलकरंजीला शाळेत शिकवायची. विश्वजितपेक्षा दोनच महिन्यांनी मोठी.

"आई, मला सरकारचा संदेश आलाय. तुमच्या लसीची नोंद खोटी असल्याचं नर्सनं कबूल केलंय म्हणे. हा काय चावटपणा आहे? कुणी लिहून घेतलं तुझ्याकडून?"

"कुणी नाही."

"मी उद्या येते. त्या दक्षतावाल्यांना सांगते तोंडावर. प्रत्येक वाडीत पहिली सुई मला असायची! माझ्या रडण्यावर तू अकरा गावं जिंकलीस. तुझी जाहिरात होते मी. आणि फोटो आहे माझ्याकडे, देवळासमोरचा, सुई आत गेलेली स्पष्ट दिसतेय."

"तो फोटो कुणाला दाखवायचा नाही."

"का?"

छायाबाईंनी सगळं सांगितलं. बर्फ, कुप्या, विश्वजित, टेंबे.

"म्हणजे," तेजल शेवटी म्हणाली, "जगात एकटी मी सिद्ध करू शकते की माझी आई प्रामाणिक आहे. आणि मी गप्प बसायचं."

"हो."

"मला नाही जमायचं ते आई." तिनं फोन ठेवला.

*

शनिवारी सकाळी दहा वाजता अपघात विभागासमोर दोनशेच्या वर माणसं होती. पुण्याहून रात्रीत आलेली पोरं होती, त्यांच्या आया होत्या, आणि एक जण मोठ्यानं विचारत होता की सुईबाई कुठाय, जरा तोंड तर बघू दे.

सुईबाई खिडकीतच होत्या. बोलावण्याचा संदेश यंत्रानं पाठवला होता, त्यामुळे तो चोवीस तासांत पोचला. निलंबनाच्या आदेशावर माणसाची सही लागणार होती, आणि तो माणूस सोमवारपर्यंत रजेवर होता.

दक्षता पथकाचे कुरुंदकर नावाचे अधिकारी मात्र हजर होते, प्राथमिक जबाबांसाठी. त्यांनी टेबल बरोबर खिडकीशेजारीच लावून घेतलं होतं.

लशी आल्या होत्या. प्रतिपिंडं आली होती. रांग मात्र होत नव्हती.

"हिच्याच हातनं परत?" कुणीतरी म्हणालं. "येकदा फशिवलंय न्हवं?"

"आन् ह्या बाटलीत तरी काय हाय कुनाला म्हाईत!"

घोळक्यातून मंगल पुढे आली. तीन दिवसांत तिचा चेहरा चिंचोका झाला होता. विश्वजित अजून यंत्राच्या श्वासावरच होता. तिच्या मागे तिची धाकटी लेक, वीसेक वर्षांची.

"माझ्या डोळ्यादेखत टोचलंस की गं!" मंगल ओरडली. 'बाई' गेली होती, 'तुम्ही' गेलं होतं. "सोताच्या पोरीला टोचलंस, मग माझ्याला टोचलंस. म्या पाय धरलं व्हतं तिचं! आन् आता म्हंतीस टोचलंच न्हाई?"

कुरुंदकरांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली. "टोचलं होतं? तुम्ही बघितलंत?"

"बघितलं म्हंजे? समद्या गावानं बघितलंय."

"मग कबुलीत तर..." कुरुंदकरांनी कागद चाळले. "मॅडम, हे जुळत नाहीये. लस दिली असेल तर कबुली खोटी ठरते."

खिडकीपलीकडे एक हजार आठशे सहासष्ट नोंदी हिरव्या होऊ बघत होत्या. छायाबाई काहीतरी बोलणार, तोच गर्दीच्या मागून आवाज आला.

"काकी, ती पोरगी मी."

तेजल वाट काढत आली. खांद्याला पर्स, हातात फोन. छायाबाईंची नजर त्या फोनवर खिळली.

"तुम्ही कोण?" कुरुंदकरांनी विचारलं.

"यांची मुलगी. पहिली सुई मलाच असायची, काकी म्हणतात ते खरं आहे." तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "सुई टोचली होती, साहेब. सुईत काय होतं, ते साडेतीन महिन्यांच्या पोरीला कसं कळणार? माझ्या रक्तात तर धनुर्वाताचं काहीच नाही. बघा तपासून. सुईत लस असती तर रक्तात नसती का उतरली?"

स्वतःच्या पोरीलासुद्धा! अशा नजरेनं बघत होते सगळे.

"म्हणजे पाणी," कुरुंदकर समाधानानं म्हणाले आणि लिहायला लागले. "लस न देता. हं. मग जुळतंय."

तेजलनं आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींनाही जड गेलं असतं. तिनं बाही वर सारली.

"तर मग पहिली मला," ती म्हणाली. "इथं, सगळ्यांसमोर. काकी, या वेळी पाय धरायला नको, पण जवळ थांबा."

कुरुंदकर जबाबाखाली तेजलची सही घेऊन चहाला गेले. छायाबाईंनी नवी कुपी उघडण्याआधी गुरुवारची ती मेलेली कुपीही बाहेर काढली. दोन्ही हलवल्या, खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. "पंधरा मिनिटं थांबायचं," त्या म्हणाल्या. "आता कितीही घाई असली तरी."

दोनशे माणसं दोन काचेच्या कुप्यांकडे बघत उभी राहिली. हळूहळू एका कुपीच्या तळाला पांढरं बसत गेलं, वर पाणी निवळत गेलं. दुसरी होती तशी राहिली.

मंगल खाली वाकली. त्या साक्याकडे तिनं बराच वेळ बघितलं. मग आवाज इतका खाली आणला की फक्त छायाबाईंना ऐकू जावा.

"तवा असलंच दिसायचं. तळाला चोथा. तुम्ही हलवून घ्यायचा, आन् मुठीत धरायचा." तिचे डोळे वर आले. "पानी न्हवतं ते."

छायाबाईंनी मान हलवली नाही. कुरुंदकरांचं टेबल रिकामं होतं, पण त्यांचा शिपाई तिथेच बसला होता. मंगलची नजर शिपायाकडे वळली, मग आतल्या अंधाऱ्या खोलीच्या दाराकडे, मग परत खिडकीकडे.

पंधरा मिनिटं झाली. छायाबाईंनी चांगल्या कुपीतून सिरिंज भरली आणि लेकीच्या दंडात टोचली. तेजल, वय वर्षं सत्तावीस, कन्या शाळेतली कडक शिक्षिका, चार गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल अशी किंचाळली, "आई गंऽऽ!"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. पहिली दोन-चार पोरं कट्ट्याकडे सरकली.

पण मंगलनं हात आडवा घातला. धाकट्या लेकीला मनगटाला धरून पुढे ओढलं, खिडकीसमोर उभं केलं.

"दुसरी हिला," ती म्हणाली. छायाबाईंनी कुपीला हात घातला तेव्हा तिनं त्यांचं मनगट पकडलं. पकड घट्ट होती, क्षमेची नव्हती. "थांबा. ही न्हाई, नवी काढा. आन् परत हलवा. माझ्या म्होरं."

छायाबाईंनी नवी कुपी काढली, हलवली आणि दोघींच्या मधोमध कट्ट्यावर ठेवली. मग दोघीही वाकून बघत राहिल्या.